स्फोट झाला, एवढंच कळलंय

नाशिकजवळ देवळालीच्या लष्करी रेंजवर तोफा सुरू झाल्या की भगूर-विहितगावकडची तावदानं थरथरतात, पण हातातला चहाचा कप कोणी खाली ठेवत नाही. ओझरच्या विमानतळावरून सुखोई उठलं तर द्राक्षबागेत काम करणारी बाई फार तर मान वर करते. आवाज कुठून येतो हे ठाऊक आहे, म्हणून भीती नाही. हाच आवाज भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना, ८ मे २०२५ च्या रात्री आला असता तर पाच मिनिटांत 'ओझरवर हल्ला' हा मेसेज सिन्नरपासून सटाण्यापर्यंत पोचला असता. ७ मेच्या मॉक ड्रिलच्या यादीत नाशिक, सिन्नर, मनमाड ही नावं होती आणि घराघरात भोंग्याची चर्चा होती. तोफ तीच असती, आवाज तोच असता. ऐकणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र तेवढं बदललेलं.

युद्ध चालू असताना येणारी कुठलीही 'घटना' वाचताना हे आधी लक्षात घ्यावं लागतं. काय पडलं, कोणाचं पडलं, मुद्दाम टाकलं का, आणि आता समोरचा काय करणार, असे हे चार निरनिराळे प्रश्न आहेत. बातमीचा मथळा चारही एका दमात उरकतो. प्रत्यक्षात पहिल्याचं उत्तर काही तासांत मिळतं, दुसऱ्याला एक-दोन दिवस लागतात, तिसऱ्याचं कधीकधी वर्षानुवर्षं मिळत नाही. आणि चौथ्याचं उत्तर तिसरं खरं काय यावर फारसं ठरतच नाही. दोन्ही राजधान्यांना काय मानणं परवडतंय, यावर ते ठरतं. युद्ध भडकणार की नाही याचा अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा इथेच.

एक घटना नीट उलगडून बघू. १५ नोव्हेंबर २०२२, पोलंडमधलं प्रझेवोदूव. युक्रेनच्या सीमेपासून साधारण ६ किलोमीटर आत असलेलं छोटं खेडं. दुपारी धान्य वाळवण्याच्या ठिकाणी क्षेपणास्त्र पडलं आणि दोन माणसं गेली. त्याच दिवशी रशियाने युक्रेनवर ९० च्या आसपास क्षेपणास्त्रं सोडली होती. संध्याकाळी एपी या वृत्तसंस्थेने एका अमेरिकी गुप्तचर अधिकाऱ्याच्या हवाल्याने बातमी दिली की रशियन क्षेपणास्त्रं पोलंडमध्ये घुसली. पोलंड नाटो या लष्करी आघाडीत आहे. कलम ५ (एकावर हल्ला तो सगळ्यांवर), तिसरं महायुद्ध, सगळं दोन तासांत बोलून झालं.

पोलंडच्या परराष्ट्र खात्याने मात्र त्या रात्री फार जपून शब्द वापरला होता: 'रशियन बनावटीचं' क्षेपणास्त्र. बनावटीचं आणि डागलेलं यात जो फरक आहे, त्यावर सगळं प्रकरण तोललेलं होतं. एस-३०० ही हवाई संरक्षण यंत्रणा सोव्हिएत काळातली, त्यामुळे ती रशियाकडेही आहे आणि युक्रेनकडेही. 'रशियन बनावटीचं' हे दोघांनाही लागू. मथळ्यात जागा कमी म्हणून 'बनावटीचं' गळलं आणि उरलं 'रशियन क्षेपणास्त्र'. बाली इथे जी-२० साठी जमलेल्या नेत्यांच्या बैठकीनंतर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन म्हणाले की मार्ग पाहता ते रशियातून सुटलेलं असण्याची शक्यता कमी दिसते. दुसऱ्या दिवशी पोलंडचे राष्ट्राध्यक्ष दुदा यांनी दुर्दैवी अपघात म्हटलं आणि एपीने बातमी मागे घेतली. युक्रेनच्याच बचावातलं एक क्षेपणास्त्र नेम चुकून पलीकडे पडलं, हे स्पष्टीकरण टिकलं.

नेम चुकलेलं हवाई संरक्षणाचं क्षेपणास्त्र सहसा हवेत स्वतःला उडवून टाकतं. तशी सोयच असते. ती सोय बिघडली, की दोन-चारशे किलोचा तुकडा उरलेल्या इंधनासकट जमिनीवर येतो. हल्ला जितका मोठा तितकी बचावाची क्षेपणास्त्रं जास्त, आणि तितके असे भरकटलेले तुकडेही जास्त. म्हणजे ज्या दिवशी सीमेपलीकडे काहीतरी पडण्याचा धोका सगळ्यात मोठा, त्याच दिवशी लोक ते 'मुद्दाम' मानायला सगळ्यात जास्त तयार असतात. हे गणित डोक्यात पक्कं बसवावं.

कलम ५ बद्दलही थोडं. त्या रात्री पोलंडने चाचपलं ते कलम ४, म्हणजे सल्लामसलत. कलम ५ लागू झालं तरी प्रत्येक देशाने 'आवश्यक वाटेल ती' कृती करायची आहे. आपोआप फौजा निघतील असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मराठी चॅनलांवर मात्र कलम ५ हे विजेच्या बटणासारखं सांगितलं जातं.

तर काही पडल्याची बातमी आली की कागदावर पाच शक्यता आधीच लिहून ठेवाव्यात, तपशील वाचायच्या आधी. शत्रूने मुद्दाम मारलं. शत्रूचंच, पण नेम दुसरीकडे होता. आपल्याच बाजूचा मारा आपल्यावर किंवा तिसऱ्यावर. युद्धाशी संबंध नसलेला अपघात: दारूगोळ्याच्या कोठाराला आग, गॅसची पाइपलाइन, कारखाना. आणि पाचवी, काही झालेलंच नाही.

पाचवी लिहायला लोक विसरतात. ४ ऑगस्ट १९६४ ला टोंकिनच्या आखातात अमेरिकी विनाशिकांवर दुसरा हल्ला झाल्याचं सांगितलं गेलं. वादळी रात्र, रडारवर खोटे ठिपके, सोनारवर स्वतःच्याच जहाजाचे आवाज. तो हल्ला झालाच नव्हता. तरी ७ ऑगस्टला अमेरिकी संसदेने ठराव केला आणि व्हिएतनाममधल्या युद्धाला मोकळं रान मिळालं. २ ऑगस्टची चकमक खरी होती, म्हणून ४ तारखेचीही खरी वाटली. खऱ्या घटनेनंतरची दुसरी बातमी नेहमी जास्त तपासावी. ८ मे २०२५ च्या रात्री आपल्याकडे टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झालं होतं, आठवत असेल. सकाळी बंदर जागेवर होतं.

तिसरी शक्यता, म्हणजे आपल्याच बाजूचा मारा, नाशिकला वेगळी समजावून सांगायची गरज नाही. २७ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी नौशेराच्या बाजूला हवाई चकमक चालू असताना काश्मीरच्या बडगाममध्ये हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. त्यात हवाई दलाचे सहा जण गेले, त्यांत आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. जमिनीवरचा एक नागरिकही गेला. त्या दिवशीच्या बातम्या आज पुन्हा काढून वाचा. पाकिस्तान आधी दोन विमानं पाडली, दोन वैमानिक पकडले म्हणत होता. संध्याकाळपर्यंत वैमानिक एकच उरला. बडगामचं हेलिकॉप्टर कधी तांत्रिक बिघाडात, कधी पाकिस्तानच्या दाव्यातल्या दुसऱ्या विमानाच्या जागी बसवलं जात होतं. एकाच तासात निरनिराळ्या ठिकाणी पडलेल्या गोष्टी अफवेत एकमेकींत मिसळतात आणि आकडा दुप्पट होतो किंवा निम्मा. हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे सांगितलं ते ४ ऑक्टोबरला. सात महिन्यांनी.

हा अपवाद नाही. ८ जानेवारी २०२० ला इराणने इराकमधल्या अमेरिकी सैन्याच्या तळांवर क्षेपणास्त्रं डागली. त्यानंतर काही तासांतच तेहरानहून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान इराणच्याच हवाई संरक्षणाने पाडलं. १७६ माणसं गेली. इराणने ११ तारखेला कबूल केलं. सप्टेंबर २०१८ मध्ये सीरियाच्या एस-२०० क्षेपणास्त्राने मित्रदेश रशियाचंच आयएल-२० विमान पाडलं, १५ जण गेले. डिसेंबर २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात अमेरिकी युद्धनौकेने अमेरिकेचंच एफ-१८ लढाऊ विमान पाडलं. तणाव चढला की रडारसमोर बसलेल्याला निर्णयासाठी मिनिटंसुद्धा मिळत नाहीत, पडद्यावरचा ठिपका शत्रूचाच वाटतो, आणि आपलं विमान ओळखणारी यंत्रणा बंद असेल किंवा चुकली असेल तर मधे थांबवणारं कोणी नसतं. म्हणून तणावाच्या आकाशात काहीही पडलं तर 'आपलंच तर नाही ना?' हा प्रश्न पहिल्या तीन प्रश्नांत असावा. हे विचारण्यात देशद्रोह वगैरे काही नाही. हवाई दलाची चौकशीसुद्धा हेच विचारते.

आता पुरावा. मोबाइलवर येणारा व्हिडिओ घरबसल्या किती तपासता येतो, हे लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे.

आवाजाने सुरुवात करा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. व्हिडिओत उजेड दिसल्यापासून धडाका ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे. साडेआठ सेकंद लागले तर स्फोट २.९ किलोमीटरवर. खाली मजकूर 'आमच्या सोसायटीच्या मागे' असेल, तर काहीतरी जुळत नाहीये. दूरवर मोठा लोळ उठतोय आणि आवाज मात्र त्याच क्षणाला आला, तर आवाज वरून चिकटवलेला आहे किंवा व्हिडिओ कापलेला आहे. व्हिडिओचा वेग कमी केलेला असेल तर हे मोजमाप बाद. चालणाऱ्या माणसांकडे, हलणाऱ्या झाडांकडे बघून ते लगेच कळतं. आवाजापेक्षा वेगाने येणारं क्षेपणास्त्र असेल तर उलटं होतं: आधी स्फोट, मग त्याच्या येण्याची घरघर. शाहेदसारखा इराणी ड्रोन मात्र ताशी १८० किलोमीटरच्या आसपास, मोपेडसारखा फटफटत येतो आणि मिनिटभर आधी ऐकू येतो. 'काहीच ऐकू आलं नाही, एकदम स्फोट झाला' असं दहा साक्षीदार सांगत असतील तर ड्रोनची शक्यता खाली घाला. आणि आकाशात लागोपाठ दोन ठोके, जमिनीवर काहीच नाही, धूर नाही, तर ते बहुधा विमानाने ध्वनीचा वेग ओलांडल्याचे. ओझरच्या पट्ट्यात हे वेगळं सांगायला नको.

मग जागा. पाट्यांची लिपी, रिक्षाचा रंग, विजेच्या खांबांची घडण, टॉवर, डोंगराची कड. सावलीची दिशा आणि लांबी यावरून वेळ काढता येते. सूर्य कुठे असेल हे दाखवणाऱ्या साइट फुकट आहेत. रात्रीच्या व्हिडिओत यातलं फारसं काही हाती लागत नाही, आणि खोटे व्हिडिओ बहुतांश रात्रीचेच असतात हा योगायोग नव्हे.

उपग्रहाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे अर्धवट माहितीवर फार उड्या मारल्या जातात. नासाच्या फर्म्स नकाशावर आगीचे लाल ठिपके दिसतात. त्यातल्या व्हिर्स उपकरणाचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३७५ मीटरचा चौकोन. म्हणजे ओझरच्या धावपट्टीजवळ ठिपका दिसला तर आग धावपट्टीवर आहे की शेजारच्या शेतात, हे त्यावरून सांगता येत नाही. हे उपग्रह आपल्या डोक्यावरून रोज साधारण दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातात. स्फोट रात्री दहाला होऊन आग अकराला विझली असेल तर ठिपका उमटणारच नाही. ढग असतील तरी नाही. उलट निफाडमध्ये उसाचं पाचट पेटवलं किंवा वीटभट्टी चालू असली तरी ठिपका उमटू शकतो. त्यामुळे एकट्या ठिपक्यावर काही सिद्ध होत नाही. मागच्या वर्षी त्याच महिन्यात तिथे ठिपके होते का, हे बघायचं. असतील तर सोडून द्यायचं. सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या फोटोत १० मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. हँगरचं छत उडालेलं त्यात कळू शकतं, धावपट्टीवरचा छोटा खड्डा कळणार नाही. फोटो साधारण पाच दिवसांनी येतो, म्हणून पहिल्या रात्रीच्या भांडणात त्याचा उपयोग शून्य.

खड्डा आणि सांगाडा. खोल खड्डा, आजूबाजूची माती वर उसळलेली, तर स्फोटक जमिनीत शिरून फुटलेलं. उथळ खरवड आणि मोठी आग, तर इंधनाचा भाग जास्त. हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्राचा स्फोटक भाग शेकडो तुकडे उडवण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे भिंतींवर, गाड्यांवर चाळणीसारखी भोकं पडतात. विमानतळ उडवण्यासाठी तो बनवलेला नसतो. १७ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या अल-अहली रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला तेव्हा पहिल्या तासात इस्रायलचा बॉम्ब आणि ५०० मृत हे जगभर गेलं. सकाळच्या उजेडात वाहनतळातला खड्डा अगदी लहान दिसला, आणि मृतांचा आकडा व कर्ता दोन्हींवर वाद सुरू झाला. पण रात्रीतच राजनैतिक नुकसान होऊन गेलं होतं. बायडेन यांची अम्मानमधली बैठक रद्द झाली होती. पुरावा उजाडल्यावर येतो, निर्णय अंधारात घेतले जातात.

वेळेचा घोळ तर इतका साधा आहे की त्यात पडायची लाज वाटावी. विमान वाहतुकीच्या, उपग्रहांच्या आणि बऱ्याचदा सैन्याच्याही नोंदी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपली वेळ त्यापुढे साडेपाच तास. ऑपरेशन सिंदूरचे हल्ले ७ मेच्या रात्री १ वाजून ५ मिनिटांनी सुरू झाले. यूटीसीत ती वेळ ६ मेची संध्याकाळ, ७ वाजून ३५ मिनिटं. पाकिस्तानात १२ वाजून ३५ मिनिटं. कोणी ६ मे लिहिलं, कोणी ७ मे, दोघंही बरोबर. अशा फरकातून 'आधीच ठरलेलं होतं' छापाचे सिद्धान्त जन्माला येतात. दोन घटनांचा क्रम लावायचा असेल तर आधी सगळ्या वेळा एकाच घड्याळात आणा, मग बोला.

निवेदनं वाचायची एक वेगळी कला आहे. अमेरिकी गुप्तचर यंत्रणांच्या लेखी भाषेत 'लाइकली' या शब्दाला ५५ ते ८० टक्के असं ठरलेलं वजन आहे, 'व्हेरी लाइकली'ला ८० ते ९५. वर 'विश्वास किती' हे ते वेगळं सांगतात: शक्यता जास्त, पण पुरावा तोकडा, असंही असू शकतं. मराठीत या सगळ्याचं 'शक्यता आहे' होतं, आणि आपल्या तोंडी 'पावसाची शक्यता आहे' म्हणजे छत्री नेली काय, न नेली काय. निदान 'दाट शक्यता' आणि 'शक्यता' एवढा भेद तरी भाषांतर करणाऱ्यांनी पाळावा.

कोण काय म्हणालं यापेक्षा कोणी काय म्हणायचं टाळलं, हे जास्त बोलकं असतं. ९ मार्च २०२२ ला आपलं ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात १२४ किलोमीटर आत, मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटक नव्हतं. पाकिस्तानच्या लष्कराने १० तारखेला पत्रकार परिषदेत त्याला 'वेगाने उडणारी वस्तू' म्हटलं. हल्ला म्हटलं नाही. ११ तारखेला भारताने तांत्रिक बिघाड म्हणून कबुली दिली, ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. 'वस्तू' या शब्दाने दोन दिवसांची जागा मोकळी ठेवली. १९ एप्रिल २०२४ ला इस्फहानजवळ स्फोट झाले तेव्हाही तसंच. इस्रायलने जबाबदारी घेतली नाही, इराणने ते क्षुल्लक ठरवलं, आणि त्या फेरीपुरतं प्रकरण मिटलं. दोघांनाही खरं माहीत होतं. दोघांना ते न बोलणं परवडत होतं.

ब्रह्मोसच्या प्रकरणात एक बारकी फट उघडी पडली ती फारशी कोणी बोलत नाही. भारत आणि पाकिस्तानमध्ये २००५ चा करार आहे, चाचणीआधी एकमेकांना कळवण्याचा. पण तो बॅलिस्टिक, म्हणजे उंच कमानीत जाऊन कोसळणाऱ्या क्षेपणास्त्रांचा. ब्रह्मोस क्रूझ, म्हणजे विमानासारखं उडत जाणारं आहे, त्यात बसत नाही. १९८८ च्या करारानुसार अणुकेंद्रांच्या याद्या दर १ जानेवारीला दिल्या-घेतल्या जातात, कितीही बिनसलेलं असलं तरी. दोन्ही लष्करांच्या कारवायांच्या महासंचालकांची, म्हणजे डीजीएमओंची हॉटलाइन आहे. या तारा जिवंत आहेत की नाहीत, हे बघणं म्हणजे रुग्णाची नाडी बघणं. १० मे २०२५ ला सकाळी पाकिस्तानच्या अण्वस्त्रांवर नियंत्रण असलेल्या नॅशनल कमांड अथॉरिटीची बैठक बोलावल्याच्या बातम्या आल्या आणि सगळीकडे धाबं दणाणलं. मग त्यांचेच संरक्षणमंत्री म्हणाले, अशी बैठक ठरलेली नाही. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी त्यांच्या डीजीएमओंचा फोन आला, संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवायचं ठरलं. सकाळच्या बातमीने थरकाप उडाला, पण वजन होतं ते दुपारच्या फोनला. संकेत द्यायला बैठक व्हावीच लागते असं नाही, तिची बातमी पुरते.

२१ नोव्हेंबर २०२४ ला रशियाने युक्रेनच्या द्निप्रो शहरावर ओरेश्निक हे नवं क्षेपणास्त्र टाकलं, तेव्हा युक्रेनच्या हवाई दलाने आधी आंतरखंडीय क्षेपणास्त्र म्हटलं. नंतर ते मध्यम पल्ल्याचं निघालं. पण रशियाने डागण्याच्या साधारण अर्धा तास आधी अण्वस्त्र धोका कमी करण्याच्या ठरलेल्या वाहिनीतून अमेरिकेला कळवलं होतं. ज्याला खरंच अचानक अणुहल्ला करायचाय तो आधी फोन करत नाही. ही सूचना पोचणंही तितकंच महत्त्वाचं. २५ जानेवारी १९९५ ला नॉर्वेने संशोधनासाठी रॉकेट सोडलं. रशियाला पूर्वसूचना दिलेली होती, ती रडारवरच्या माणसांपर्यंत पोचली नाही, आणि रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांची पेटी उघडली गेली. कागद कुठल्या टेबलावर अडकला, एवढ्यावर गोष्ट आली होती.

खरी चढण दिसते ती सामानाच्या हालचालीत. फेब्रुवारी २०२२ पूर्वी रणगाड्यांचे फोटो महिनोन् महिने येत होते आणि 'नुसता दबाव आहे' म्हणणारेही शहाणे होते. जानेवारीअखेर सीमेजवळ रक्ताचा साठा हलवल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा अनेकांचं मत बदललं. रणगाडा सरावाला नेऊन परत आणता येतो, पण रक्त नासतं आणि ते कोणी दाखवण्यासाठी नेत नाही. आपल्या कीव्हमधल्या दूतावासाच्या सूचनाही ओळीने वाचा. १५ फेब्रुवारीला 'ज्यांचं राहणं आवश्यक नाही त्यांनी तात्पुरतं निघण्याचा विचार करावा', २० तारखेला थेट 'निघावं'. विचार करावा ते निघावं, एवढा बदल पाच दिवसांत. आणखी चार दिवसांनी युद्ध सुरू झालं आणि विमानं बंद. मुलं परदेशात शिकायला असलेल्या घरांनी दुसऱ्या सूचनेची वाट बघू नये. पहिलीलाच तिकीट काढावं. फार तर तिकिटाचे पैसे वाया जातील.

शस्त्राच्या वेगातही हेतू दिसतो. १३ एप्रिल २०२४ च्या रात्री इराणने इस्रायलकडे ३०० हून जास्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली. ड्रोनना पोचायला तासन् तास लागतात, बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला जेमतेम बारा मिनिटं. ड्रोन निघाल्याचं जगाला ते वाटेत असतानाच कळलं. ज्याला जास्तीत जास्त माणसं मारायचीत तो असा मुहूर्त जाहीर करून येत नाही. तोच इराण १ ऑक्टोबरला जवळपास १८० बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं टाकतो, ड्रोन नाहीत, तेव्हा आकडा कमी होऊनही पायरी वरची असते. नुसती संख्या मोजणारे इथे फसतात.

आणि युरोपला द्राक्षं पाठवणाऱ्या नाशिकच्या माणसाला लागणारा सगळ्यात उपयोगी निर्देशक सैन्याकडे नाही, विमा कंपनीकडे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर जहाज पकडलं. त्याआधी तांबड्या समुद्रातून जाताना युद्धजोखमीचा विमा जहाजाच्या किमतीच्या एका टक्क्याच्याही अगदी लहान हिश्श्याइतका होता, जानेवारी २०२४ पर्यंत तो ०.७ ते १ टक्क्यावर गेला. १० कोटी डॉलरच्या जहाजाला १ टक्का म्हणजे एका फेरीला १० लाख डॉलर. विमा उतरवणारे स्वतःच्या खिशातले पैसे लावून अंदाज करतात, त्यामुळे टीव्हीवरच्या निवृत्त मेजर जनरलपेक्षा त्यांचा दर जास्त ऐकावा. दर एका दिवसात दुप्पट झाला तर जहाज कंपनीचा, म्हणजे लाइनचा एजंट काहीही म्हणो, जहाज आफ्रिकेला वळसा घालत केप ऑफ गुड होपला वळणार हे धरून चालावं. म्हणजे रॉटरडॅमला १० ते १४ दिवस जास्त. ग्रेपगार्डचा कागद (द्राक्षं सडू नयेत म्हणून पेटीत घालतात तो), मण्याची साखर आणि देठाचा हिरवेपणा, तिन्ही त्या वाढीव दिवसांच्या हिशोबाने बघावं लागतं. पूर्ण पिकलेला माल त्या फेरीला घालू नये. दर खाली येतो तेव्हा मात्र लगेच खूश व्हायचं नाही. लाइनचं वेळापत्रक बदलायला पुढे कित्येक आठवडे जातात आणि तोवर जहाजं केपवरूनच फिरतात. बुकिंग करताना एजंटला दर विचारण्याआधी मार्ग विचारायचा, तो लेखी घ्यायचा, आणि मग तोडणीची तारीख ठरवायची.